‘इन्स्टॉल ऑल’ दाबण्यापूर्वी

मंडळी, ह्या शनिवारचं दळण जरा तांत्रिक आहे. ज्यांचा आर्डुइनो, ईएसपी३२ वगैरे प्रकारांशी काडीचाही संबंध नाही त्यांनी हवं तर इथूनच परत फिरावं. थांबलात तर मात्र वाटेत गुलाब आहेत, इंद्रायणी तांदूळ आहे, आणि एक चार्जिंगची केबल आहे जिने आजवर भल्याभल्या इंजिनियरांचा अंत पाहिलाय.

मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. हौशी मायक्रोकंट्रोलर बोर्डावर बनवलेलं कुठलंही यंत्र टेबलावरून उठून शेतात, टाकीवर किंवा गच्चीत जाणार असेल, तर त्याच्या लायब्रऱ्याही त्याच्यासोबत गेल्या पाहिजेत. आवृत्तीच्या आकड्यांसकट. नुसता प्रोग्राम जपून ठेवणं म्हणजे घराचा नकाशा जपून ठेवायचा आणि विटा शेजाऱ्याकडे ठेवायच्या, असला प्रकार आहे. शेजारी चांगला आहे हो, पण तो त्याच्या विटा बदलत असतो.

नवख्यांसाठी दोन ओळी. आर्डुइनोच्या जगात प्रोग्रामला ‘स्केच’ म्हणतात. स्केच लिहिणारा सगळं स्वतः लिहीत नाही. सेन्सर वाचायचा, पडद्यावर अक्षरं उमटवायची, वायफायला जोडायचं, ह्या प्रत्येक कामासाठी कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड असतो, ती लायब्ररी. त्याशिवाय प्रत्येक जातीच्या बोर्डासाठी एक मोठं गाठोडं लागतं, त्याला ‘कोअर’ म्हणतात. स्केच, लायब्रऱ्या आणि कोअर एकत्र शिजले की फर्मवेअर तयार होतं आणि ते यूएसबीच्या तारेतून बोर्डात चढतं. शिजवण्याला कंपाईल म्हणतात, चढवण्याला अपलोड. माणसं अडतात ती ह्या दोनच ठिकाणी.

आता मुद्द्याचं. मावळात गुलाबाची पॉलीहाऊसं किती आहेत हे पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवरून सुसाट जाणाऱ्यांना दिसतच असेल. पवन मावळात, तळेगावच्या बाजूला, वडगाव-कामशेतच्या आतल्या भागात पांढऱ्या छपरांच्या रांगाच रांगा. व्हॅलेंटाईन डेसाठी परदेशी जाणारं फूल इथून जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून निघायला लागतं आणि फेब्रुवारीच्या दहा-बारा तारखेपर्यंत खेळ संपतो. वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा ह्या दोन-अडीच आठवड्यांत. त्यात फूल चार दिवस पुढेमागे झालं की भाव गेलाच.

अशाच एका पॉलीहाऊसचे मालक माझ्या ओळखीचे. त्यांच्या पॉलीहाऊसमध्ये २०१८ च्या अखेरीस नात्यातल्या एका विद्यार्थ्याने ईएसपी३२ वर एक कंट्रोलर बसवला होता. हवेतली आर्द्रता मोजायची, कमी झाली की फॉगर चालू करायचा, पंख्याचा वेग कमी-जास्त करायचा आणि मोबाईलवर आकडे दाखवायचे. बास. इतकं साधं आणि इतकं उपयोगी. माझ्या मते अशा हौशी यंत्रांना नावं ठेवणाऱ्या ‘प्रोफेशनल’ लोकांनी आधी सहा वर्षं न थकता चालणारं काहीतरी बनवून दाखवावं.

पण डीएचटी२२ नावाचा तो पांढरा जाळीदार सेन्सर मावळातल्या हवेला टिकत नाही. पावसाळ्यात महिनोन् महिने धुकं आणि ओल, वर फॉगरचा फवारा. तो सेन्सर एकदा का भिजून गार पडला की ९९.९ टक्क्यांवर जाऊन बसतो आणि हलत नाही. कंट्रोलर बिचारा समजतो की हवा ओलीचिंब आहे, फॉगर कशाला लावू? आणि जानेवारीतली मावळातली दुपार असते कोरडी ठक्क. अशा हवेत लाल कोळी फोफावतो. थोडक्यात, २०२५ च्या जानेवारीत, कटिंग सुरू व्हायला तीन आठवडे असताना, तिसरा डीएचटी२२ मेला आणि मालकांनी ठरवलं की आता चौथा तसलाच नको, जरा बरा सेन्सर लावू. तपकीर गल्लीतून एसएचटी३१ आणला. आता सेन्सर बदलला म्हणजे स्केचमध्ये पाच-सहा ओळी बदलाव्या लागणार. स्केच गूगल ड्राइव्हवर होतं. विद्यार्थी आता बंगळूरला नोकरीला, त्याचा जुना लॅपटॉप केव्हाच विकलेला. भाच्याच्या नव्या लॅपटॉपवर आर्डुइनो आयडीई टाकला, स्केच उघडलं, एक ओळही न बदलता कंपाईल केलं, आणि पडद्यावर लाल अक्षरांचा पाऊस.

मालकांनी मला फोनवर विचारलेला प्रश्न जसाच्या तसा देतो: “दादा, बोर्ड तोच, प्रोग्राम तोच, मग अडलंय कुठं?”

ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला हा सगळा लेख लागतोय.

तर अडलं होतं तीन ठिकाणी. एक, स्केचमध्ये आकडे मोबाईलला पाठवायला आर्डुइनोजेसन नावाची लायब्ररी होती. २०१८ मध्ये तिची पाचवी आवृत्ती चालू होती. २०१९ मध्ये सहावी पक्की झाली, तिने पाचवीतला ‘जेसनबफर’ हा प्रकारच काढून टाकला. २०२४ च्या जानेवारीत सातवी आली. नव्या लॅपटॉपने अर्थातच सर्वांत नवी उतरवली. (ह्या लायब्ररीच्या लेखकाचं मात्र कौतुक. जुना कोड दिसला की ती स्वतःच सांगते की बाबा, हा शब्द पाचव्या आवृत्तीतला आहे. इतकी सभ्य चूकसूचना क्वचित पाहायला मिळते.) दोन, पंख्याचा वेग ठरवणारी ओळ. ईएसपी३२ च्या कोअरची तिसरी आवृत्ती २०२४ च्या मे महिन्यात आली आणि तिने ‘एलईडीसी-सेटअप’ आणि ‘एलईडीसी-अटॅच-पिन’ ही दोन फंक्शन्स मोडीत काढून त्यांच्या जागी ‘एलईडीसी-अटॅच’ हे एकच दिलं. टायमरच्या फंक्शन्सचंही तसंच. तीन, डीएचटीची लायब्ररी हवी म्हणून भाच्याने टाकली, पण तिला स्वतःला लागणारी दुसरी ‘युनिफाइड सेन्सर’ लायब्ररी टाकायची राहिली. आयडीई हल्ली विचारतो, सोबतच्याही टाकू का म्हणून. पण घाईत ‘नको’ म्हटलं की झालं.

म्हणजे प्रोग्राम तोच होता हे अर्धसत्य. मालकांच्या ड्राइव्हवर जे होतं ते वजनाने बघाल तर फर्मवेअरचा दहावा हिस्साही नसेल. बाकीचा सगळा मजकूर त्या विकलेल्या लॅपटॉपच्या ‘लायब्ररीज’ फोल्डरमध्ये होता, आणि कुठली आवृत्ती होती हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग आमचं पुरातत्त्व खातं सुरू झालं. कार्ल्याच्या लेण्यांचा काळ जसा शिलालेखांच्या अक्षरवळणावरून काढतात, तसा आम्ही कोडच्या वळणावरून काढला. ‘जेसनबफर’ दिसतोय म्हणजे पाचवी आवृत्ती. फाइलची तारीख २०१८ च्या डिसेंबरची, म्हणजे ५.१३ ची मालिका. कोअर तेव्हा १.० च्या आसपास, पण हा कोड दुसऱ्या मालिकेतल्या शेवटच्या २.०.१७ वरही चालावा असा अंदाज. तसंच निघालं. लायब्ररी मॅनेजरमध्ये प्रत्येक लायब्ररीच्या नावाखाली आवृत्त्यांची एक यादी लपलेली असते; तिथून जुनी निवडता येते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. बोर्ड मॅनेजरमध्येही तशीच. जुने आकडे निवडले आणि स्केच एक अक्षर न बदलता कंपाईल झालं.

इथे काही वाचक म्हणतील, जुन्याच्या मागे कशाला लागायचं, कोडच नव्या आवृत्तीला जुळवून घ्यायचा की. घ्यायचा ना, पण जानेवारीत नाही. मोडलेल्या यंत्राला हात घालताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी असं माझं (आणि माझ्या पहिल्या टीम लीडचं) ठाम मत आहे. आधी ते होतं तसं उभं करायचं, मग सेन्सर बदलायचा. सेन्सर, जेसन, पंखा आणि कोअर अशी चारही बदलली आणि फॉगर चुकीच्या वेळी सुटला, तर दोष कुणाचा हे शोधायला तीन आठवडे पुरणार नाहीत.

आणि त्याच्याही आधी करायची एक गोष्ट आहे जी नव्वद टक्के हौशी लोक करत नाहीत. जुन्या बोर्डात जे चालू आहे ते उचलून ठेवायचं! ईएसपीटूल नावाचं जे साधन फर्मवेअर चढवतं तेच उतरवूनही देतं. चार एमबीची पूर्ण फ्लॅश वाचायला १,१५,२०० च्या वेगाने सहा मिनिटं लागतात. ती एक फाइल हातात असली की मग काय वाटेल ते करा. बिघडलं तर तीच परत चढवायची, यंत्र काल होतं तसं होतं. उनो-नॅनोसाठी एव्हीआरड्यूड हेच करतं, कुलूप लावलेलं नसेल तर. फक्त त्या फाइलमध्ये घरच्या वायफायचा पासवर्डही येतो, तेव्हा ती गावभर वाटू नये.

बरं, दोष कुणाचा? लायब्ररी लिहिणाऱ्यांना शिव्या घालणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. ही माणसं बहुतेक फुकट लिहितात. तळेगाव दाभाड्याला १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला तो अंताजी दामोदर काळ्यांच्या पैसा फंडातून, म्हणजे लोकांनी एकेक पैसा देऊन. आर्डुइनोच्या लायब्रऱ्या हा तसलाच पैसा फंड आहे, कुणी सेन्सरचा पैसा टाकला, कुणी पडद्याचा. फंडात पैसा टाकणाऱ्याने तो कायम त्याच छापाचा टाकावा अशी सक्ती आपण करू शकत नाही. शिवाय आर्डुइनोजेसनच्या लेखकाने आकडा पाचवरून सहावर नेला, म्हणजे ‘आता जुनं चालणार नाही’ असं जाहीरच केलं की. आकडा न वाचणारे आपण.

थोडा दोष आर्डुइनोच्या मूळ मांडणीचा आहे. २००५ साली इटलीतल्या इव्रेया गावी हे सुरू झालं ते डिझाईनच्या विद्यार्थ्यांसाठी. दिवा लुकलुकवायचा, मोटर फिरवायची, प्रदर्शन झालं की तारा सोडवून ठेवायच्या. त्यासाठी सगळ्या स्केचेसना मिळून एकच लायब्ररी फोल्डर हे अगदी योग्य होतं. २०१५ मध्ये १.६.२ सोबत लायब्ररी मॅनेजर आला आणि झिप फायली शोधत हिंडायचं थांबलं, ही तर मोठीच सोय. पण सोय झाली ती लायब्ररी टाकण्याची. एका स्केचला एक आवृत्ती आणि दुसऱ्याला दुसरी, हे त्या एका फोल्डरात बसतच नाही. आणि आयडीई २ उघडला की कोपऱ्यात ती चौकट येते: अमुक लायब्रऱ्यांच्या नव्या आवृत्त्या आल्या आहेत. शेजारी ‘इन्स्टॉल ऑल’. माणूस ते बटण स्वच्छतेच्या भावनेने दाबतो, घर झाडल्यासारखं. त्यानंतर मागच्या पाच वर्षांतली कुठली स्केचेस मोडली हे त्याला कळतं ते थेट पुढच्या अडचणीच्या दिवशी.

नावांचाही गोंधळ आहेच. दोन ओळींच्या एलसीडीसाठी ‘लिक्विडक्रिस्टल आयटूसी’ ह्याच नावाच्या एकाहून अधिक लायब्रऱ्या फिरतायत. एकीत पडदा ‘इनिट’ने सुरू होतो, दुसरीत ‘बिगिन’ने. नेटवरून उतरवलेला कोड एकीसाठी लिहिलेला आणि तुमच्याकडे दुसरी. आयडीई सांगतो की बाबा दोन सापडल्या, ही वापरली, ती नाही वापरली. पण तो मजकूर कोण वाचतो!

आता मावळातल्याच एका जुन्या शिस्तीकडे बघा. इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली आला. त्याचे आईबाप काय लिहिलेत? आंबेमोहर १५७ आणि आयआर ८. नुसता ‘आंबेमोहर’ नाही, १५७. भाताच्या माणसांना हे केव्हापासून माहीत आहे की आकड्याशिवाय नाव म्हणजे काहीच नाही. आणि आम्ही संगणकवाले प्रकल्पाच्या अहवालात लिहितो, ‘यूज्ड डीएचटी लायब्ररी’. कुठली डीएचटी? कुणाची? कितवी?

हा अहवाल म्हणजे ते सोनेरी अक्षरांचं ब्लॅक बुक. लोणावळ्याजवळ, तळेगावात अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत, पुण्यात तर बोळाबोळात. दरवर्षी शेकड्याने असे प्रकल्प होत असणार. ब्लॅक बुकात आठ-दहा पानं कोड छापलेला असतो (कागदावर! तो परत टाइप कोण करणार आहे?), सर्किटचं चित्र असतं, आभार असतात, ‘फ्युचर स्कोप’ तर हमखास असतो. पण बोर्डाचा कोअर कितवा, लायब्रऱ्या कोणत्या, कंपाईल झालेली फाइल कुठे, ह्याला अर्धं पान नसतं. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारावा: “हा लॅपटॉप बाजूला ठेवा, ह्या दुसऱ्या कोऱ्या लॅपटॉपवरून हेच फर्मवेअर चढवून दाखवा.” ज्याला जमलं त्याला निम्मे मार्क तिथेच द्यावेत. बाकीचं व्हायवा चहा पिता पिता उरकलं तरी हरकत नाही.

हे मी खुसखुशीतपणे लिहितोय, पण गंमत नाही ही. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पुढच्या वर्षी, १५ जून २०२५ ला, कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल कोसळला, चार जण गेले. अशा घटनांनंतर पाण्याची पातळी मोजून भोंगा वाजवणारं यंत्र बनवावं असं एखाद्या विद्यार्थ्याला वाटलं तर त्यात वावगं काहीच नाही; उलट वाटलंच पाहिजे. दोन-तीन हजारांत ते बनतंसुद्धा. पण भोंग्याच्या यंत्रावर एकदा माणसं विसंबली की ते प्रदर्शनातलं खेळणं उरत नाही. चौथ्या पावसाळ्यात सेन्सर बदलायची वेळ आली आणि फर्मवेअर परत बनवता येईना, तर तिथे खांबावर टांगलेला डबा उरतो आणि लोकांच्या मनात भरवसा उरतो. काहीच नसण्यापेक्षा हे वाईट.

असो. आता अपलोडकडे. इथे लोकांचा अर्धा रविवार कसा जातो हे मी अनेकदा पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर.

सगळ्यात पहिला संशय केबलवर घ्यावा. नुसत्या चार्जिंगच्या केबलीत वीज वाहून नेणाऱ्या दोनच तारा असतात, डेटाच्या नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो, म्हणून माणूस केबलला क्लीन चिट देतो आणि ड्रायव्हर, विंडोज, नशीब ह्यांच्या मागे लागतो. दुसरा संशय ड्रायव्हरवर. तपकीर गल्लीत मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त नॅनोंवर सीएच३४० ही चिप असते, तिचा ड्रायव्हर काही लॅपटॉपांवर हाताने टाकावा लागतो. तिसरी गोष्ट फार मजेशीर आहे. २०१८ च्या सुरुवातीपासून आर्डुइनोने अस्सल नॅनोमध्ये नवा बूटलोडर घालायला सुरुवात केली. तो १,१५,२०० च्या वेगाने बोलतो, जुना ५७,६०० ने. नकलांमध्ये बहुधा जुनाच. तेव्हा ‘नॉट इन सिंक’ असं दहादा छापून आलं की बोर्ड मेला असं समजून तो फेकू नका. टूल्सच्या मेनूत प्रोसेसरपाशी ‘ओल्ड बूटलोडर’ निवडा. कितीतरी धडधाकट नॅनो ह्या एका ओळीपायी कचऱ्यात गेल्या असतील.

ते ‘सिंक’ प्रकरण कळायला अवघड नाही. अपलोड दाबलं की यूएसबीची चिप एका छोट्या कपॅसिटरमधून मुख्य चिपला टपली मारते, म्हणजे रीसेट करते. जागा झाल्या झाल्या बूटलोडर क्षणभर कान देतो, नवा प्रोग्राम येतोय का? आला तर लिहून घेतो, नाही तर जुना चालू करतो. त्या क्षणात दोघांची गाठ पडली नाही की ‘नॉट इन सिंक’. उनोच्या ० आणि १ नंबरच्या पिनांवर जीएसएम किंवा ब्लूटूथ मोड्यूल जोडलेलं असेल तर ते त्याच तारांवर मध्येच बोलतं. अपलोडपुरत्या त्या दोन तारा काढा. ईएसपी३२ वर ‘कनेक्टिंग’पुढे टिंबं उमटत राहिली तर बोर्डावरचं ‘बूट’ बटण दाबून धरा, लिहायला लागला की सोडा. हे बटण दरवेळी दाबावं लागत असेल तर ‘ईएन’ आणि ग्राऊंडच्या मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून बघा, बहुतेक वेळा त्रास संपतो.

आणि ड्रायव्हरवरून आठवलं. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोजच्या अपडेटमधून एफटीडीआय ह्या कंपनीचा एक ड्रायव्हर आला आणि त्याने तिच्या नकली चिपांची ओळखच शून्य करून टाकली. यूएसबीला जोडलेली यंत्रं एका रात्रीत ओळखेनाशी झाली. नकल वाईट हे मान्य; पण मोशीच्या किंवा मळवलीच्या माणसाला त्याच्या बोर्डावरची चिप नकली आहे हे कळणार कसं? अपडेट म्हणजे आपोआप चांगलंच, ही समजूत तेव्हापासून तरी सुटायला हवी होती.

मग कधीच अपडेट करू नये का? नाही, तसं म्हणणारा मी नव्हे, आणि इथे माझ्या मताला खरोखरच एक छेद आहे. यंत्र नेटला जोडलेलं असेल तर जुनं धरून बसण्याचीही किंमत असते. ३० सप्टेंबर २०२१ ला ‘लेट्स एन्क्रिप्ट’ची प्रमाणपत्रं ज्याच्या भरवशावर होती ते एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं, आणि जगभरची कितीतरी जुनी उपकरणं सर्व्हरशी बोलेनाशी झाली. सुरक्षेतली भोकं बुजवायला नवी आवृत्ती लागतेच. माझं म्हणणं इतकंच की अपडेटची तारीख तुम्ही ठरवा, कोपऱ्यातल्या चौकटीने नाही. गुलाबवाल्यांनी मार्च-एप्रिलमध्ये करावं, फूल निघून गेल्यावर. पाण्याच्या भोंग्याचं दिवाळीनंतर, पाऊस सरल्यावर. एक जादा बोर्ड टेबलावर ठेवून, आठ दिवस चालवून, मग.

दूरवरून, वायफायमधून फर्मवेअर चढवण्याच्या सोयीबद्दल (ओटीए म्हणतात तिला) लोक घाबरतात. लाइट गेली तर? मावळात पहिला वळीव पडला की लाइट जाणारच. पण ईएसपी३२ नवं फर्मवेअर फ्लॅशच्या दुसऱ्या कप्प्यात लिहितो आणि पूर्ण लिहून झाल्यावरच तिकडे वळतो. मध्येच लाइट गेली तर जुनंच चालू होतं. तेव्हा टाकीवर चढून पावसात लॅपटॉप उघडण्यापेक्षा ओटीए शतपटीने बरं. फक्त पासवर्ड लावा, नाहीतर त्याच वायफायवरचा कुणीही तुमच्या यंत्रात स्वतःचं फर्मवेअर घालू शकतो. आणि नवं स्केच लिहिताना त्यातला ओटीएचा भाग गाळू नका. गाळलात की पुढच्या वेळी शिडी आलीच.

करायचं काय, तर फार थोडं. कमांडलाइनची भीती नसेल तर आर्डुइनो-सीएलआयमध्ये प्रत्येक स्केचशेजारी ‘स्केच.याम्ल’ नावाची फाइल ठेवता येते. तिच्यात कोअरची आणि प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती लिहायची, कंपाईल करताना तो बरोब्बर तीच आणतो. प्लॅटफॉर्मआयओवाले हे वर्षानुवर्षं करतायत आणि आमच्याकडे जरा तुच्छतेने बघतायत, ते ठीकच आहे. (त्यांचंही सगळं आलबेल नाही. ईएसपी३२ च्या तिसऱ्या कोअरवरून त्यांचं आणि एस्प्रेसिफचं जुळलं नाही, आणि लोकांना वेगळी फांदी काढावी लागली.) कमांडलाइन नकोच असेल तर आयडीईच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘स्केचबुक लोकेशन’ म्हणून एक रकाना आहे. तिथे त्या प्रकल्पाचा फोल्डर द्या. त्यानंतर टाकलेल्या लायब्रऱ्या त्या फोल्डरातच जाऊन बसतात. सबंध फोल्डर झिप केला की झालं.

पण आकडे लिहून ठेवणं एवढ्यावर मावळात भागत नाही, कारण ते आकडे बघून पुन्हा उतरवायला नेट लागतं. ईएसपी३२ चं कोअर म्हणजे शेकडो एमबीचा ऐवज. आंदर मावळातल्या किंवा नाणे मावळातल्या एखाद्या वाडीवर, मोबाईलचा हॉटस्पॉट खिडकीत टांगून ते उतरवून बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. आणि आज जिथून उतरतंय तिथे दहा वर्षांनी असेलच असंही नाही. आर्डुइनो विकत घेत असल्याची घोषणा क्वालकॉमने ऑक्टोबर २०२५ मध्ये केली. त्यातून भलं होईल की बुरं ह्यावर काथ्याकूट करायची इच्छा नाही, पण मालक बदलू शकतो एवढं तरी दिसलं. म्हणून कोअरचा फोल्डरसुद्धा झिप करून ठेवा. जड होतं, पण पेन ड्राइव्ह आता काय भावाने मिळतो! त्यातच कंपाईल झालेली बिन फाइल टाका. स्केच मेनूत ‘एक्स्पोर्ट कंपाईल्ड बायनरी’ असतं ते ह्यासाठीच. आणि तो सहा मिनिटांत काढलेला पूर्ण फ्लॅशचा उतारा. ह्या उताऱ्यासाठी लायब्रऱ्या, कोअर, आयडीई ह्यातलं काहीही लागत नाही, एक केबल (डेटाची!) आणि ईएसपीटूल.

हा पेन ड्राइव्ह झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून कंट्रोलरच्या डब्यातच ठेवायचा, सिलिका जेलच्या पुडीसोबत. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद: बोर्ड कोणता, कोअर कितवा, लायब्रऱ्यांची नावं, लेखक आणि आकडे, कुठली पिन कुठे, तारीख. कागदावर पेन्सिलनेच लिहा. पॉलीहाऊसमध्ये बॉलपेनची शाई एका पावसाळ्यात पसरते, आणि ६.२१ चा ६.२७ झाला की पुन्हा पुरातत्त्व खातं बोलवावं लागतं.